लाल खुणेच्या नळाचे गार पाणी

चैत्र सरत आला की बेळगावच्या शहापूर भागातील आमची शेजारीण पदराने वारा घेत कट्ट्यावर येऊन बसते आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणते, "बाई, यंदा बेळगावचं वाळवंट झालंय बघा." पूर्वी मी तिला मान डोलावून दुजोरा देत असे. 2016 च्या उन्हाळ्यात तीन महिने कुवेतला राहून आल्यापासून मात्र वाळवंट हा शब्द मला इतक्या सहजपणे उच्चारता येत नाही. तिच्या अंगाची काहिली खरी असते, हे मला मान्य आहे. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर वसलेले, संध्याकाळी पश्चिमेच्या घाटाकडून वारा येणारे गाव. येथे पारा अडतिसाकडे झुकला तरी माणसे कासावीस होतात, कारण त्यांच्या घरांना आणि शरीरांना त्याची सवय नाही. पण आमच्या उन्हाळ्याच्या पाठीशी वळीव उभा असतो. चार दिवस तापले की पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळवंडते, गारांनी कौले फुटतात, तांबड्या मातीचा वास दारातून आत येतो आणि गल्लीतील मुले ओंजळीत गारा गोळा करीत पळत सुटतात. ज्या उन्हाळ्यामागून काहीच येत नाही, तो कसा असतो हे मी भूगोलाची शिक्षिका म्हणून तीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. अनुभवले मात्र निवृत्तीनंतर.

मुलीचे पहिले बाळंतपण. खरे तर आमच्या रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचे, परंतु तिला शेवटच्या महिन्यांत विमानप्रवासाची मनाई झाली आणि मग माहेरच तिच्याकडे निघाले. डिंक, अळीव, बाळंतशेप, ओवा, वेखंड, खारीक, गोडंबी असे सामान आणि खानापूरच्या कुंभाराकडून आणलेले मातीचे लहानसे धुपाटणे कपड्यांत गुंडाळून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात कुवेतला पोहोचले. सालमिया भागात चौथ्या मजल्यावर त्यांचे घर होते.

पहिल्या सकाळी तोंड धुण्यासाठी निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. मला वाटले, नळ उलटे बसवले असावेत. मुलगी हसून म्हणाली, "आई, उन्हाळ्यात लाल नळ सोडायचा." तेथे इमारतींच्या पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात आणि त्या दिवसभर उन्हात तापून निघतात, त्यामुळे थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असे पाणी येते. गीझर मात्र घराच्या आत असतो. म्हणून मे महिन्यात गीझरची वीज बंद करायची, त्याच्या टाकीत पाणी साठू द्यायचे, ते खोलीच्या गारव्याने निवते आणि मग गरम पाण्याच्या नळातून गार पाणी मिळते. पुढे बाळ जन्मल्यावर तर त्याच्या आंघोळीचे पाणी मी आदल्या रात्री बादलीत काढून निववत ठेवू लागले. बंबात लाकडे सारून बाळंतिणीसाठी पाणी तापवणाऱ्या घरात मी वाढले. नातवासाठी पाणी गार करीत बसण्याची वेळ येईल, असे कधी मनात आले नव्हते.

दुसरा धडा पंख्याने दिला. आपल्याकडे उकडले की पंखा लावायचा, वीज गेली की विंझणा घ्यायचा, हे अंगवळणी पडलेले असते. पण हवा शरीरापेक्षा पुष्कळच तापलेली असेल, तर पंखा गारवा न देता भात्यासारखी धग आपल्यावर फुंकतो. घाम येतो, परंतु कोरड्या हवेत तो दिसण्यापूर्वीच उडून जातो, आणि आपल्याला घाम येत नाही असा भ्रम होऊन माणूस पाणी पिण्याचे विसरतो. रस्त्यावरच्या कामगारांच्या सदऱ्यांवर पाठीला पांढरे नकाशे उमटलेले मी पाहत असे. ते वाळलेल्या घामाचे मीठ होते.

शाळेत मी मुलांना सांगत असे की सूर्य जितका डोक्यावर, तितके ऊन अधिक. ते अपुरे शिकवले, असे मला तेथे जाणवले. बेळगावात मे महिन्याच्या आरंभी एका दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच गडप होते. कुवेत कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तेथे असा शून्य सावलीचा दिवस कधीच येत नाही. तरीही ताप तेथेच अधिक, कारण जूनमध्ये तेथील दिवस आपल्यापेक्षा सुमारे तासाभराने मोठा असतो, वरून खाली उतरणारी कोरडी हवा ढग धरू देत नाही, जमिनीत वाफ होऊन उडून जाण्याइतकी ओल नसते आणि वायव्येकडून, इराकच्या वाळवंटावरून, 'शमाल' वारा तापलेली हवा घेऊन येतो. आपल्याकडे त्याच जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा समुद्राचे पाणी उचलून आणतो. दोन्ही प्रदेशांना समुद्राचा शेजार आहे, पण एकाच्या वाट्याला ओला वारा आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला वाळू. ती वाळू उडू लागली की तिला तेथे 'तोज' म्हणतात. आकाश नारिंगी होते, समोरची इमारत पुसट होते आणि खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या असूनही संध्याकाळी ओट्यावर बोटाने नाव लिहावे इतकी बारीक धूळ बसलेली असते. त्या घराच्या खिडक्या मी असेपर्यंत एकदाही उघडल्या नाहीत. तीन महिने मला रस्त्याचा आवाज म्हणून ऐकू आला नाही. ऐकू येत असे ती फक्त एसीची अखंड घरघर.

मी गेले तेव्हा नुकताच रमजान सुरू झाला होता. साडेपंधरा तासांच्या आसपास दिवसाचा उपवास, पाण्याचा घोटदेखील नाही, आणि बाहेर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश. त्या महिन्यात दिवसा सार्वजनिक जागी कोणीही खाऊ-पिऊ नये असा तेथील कायदाच आहे, त्यामुळे जावयांबरोबर बाहेर पडले तर मीही ओठ कोरडे ठेवूनच फिरत असे. निर्जळी एकादशी करणाऱ्या आजीच्या घरातली मी. पण आजीला सावलीचे माजघर होते. सूर्यास्ताला नाएफ राजवाड्यातून तोफ उडे, ती दूरचित्रवाणीवर दाखवत, आणि त्यानंतर शहर जागे होई. रात्री अकरा वाजता समुद्रकिनाऱ्यावर लहान मुले झोपाळ्यावर, बायका चटया टाकून बसलेल्या, दुकाने गजबजलेली. दुपारी बारा वाजता तोच किनारा ओसाड. दिवस आणि रात्र यांनी आपापली कामे अदलाबदल केली आहेत, हे समजून घेतल्यावर मला त्या शहरात वावरणे सोपे झाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, नातू झाला. आता आमचे बाळंतपणाचे सगळे शास्त्र गारव्याविरुद्ध रचलेले आहे. बाळंतिणीच्या कानांना फडके, पायांत मोजे, शेक, शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी. कारण ते पावसाळी, ओल्या मातीच्या घरांसाठी रचले गेले. बाहेर पन्नाशीला टेकलेला ताप आणि आत एसीचा बर्फासारखा झोत, अशा घरात ते कसे पाळावे? मी दोन दिवस विचारात पडले. शेवटी एसीचा झोत भिंतीकडे वळवला, अंश वाढवून सव्वीसवर ठेवले आणि कानांचे फडके कायम ठेवले. धुरीची मात्र अडचण होती, कारण छतावर धुराची सूचना देणारे यंत्र होते आणि खानापूरचे धुपाटणे विमानात तडकले होते. शेजारच्या इजिप्शियन बाईंना माझ्या मुलीने हे सांगितले, तेव्हा त्या आपल्या घरातील 'मबखरा' घेऊन आल्या. अरबांकडे ऊद आणि बखूर जाळण्याचे हे भांडे घरोघर असते; त्यांचे विजेवर चालणारे होते, त्यात निखारा लागत नव्हता आणि धूर अगदी बेताचा होई. त्या दिवसापासून ओवा आणि बाळंतशेप त्या परक्या भांड्यात घमघमू लागले. त्या बाई रोज येऊन बाळाच्या अंगावरून हात फिरवीत आणि मी त्यांना डिंकाचा लाडू देई. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

21 जुलै 2016. बाळ आठ दिवसांचे होते. त्या दिवशी कुवेतच्या वायव्येकडील वाळवंटात मित्रीबाह येथील केंद्रावर जे तापमान नोंदले गेले, ते पुढे जागतिक हवामान संघटनेने तपासून 53.9 अंश सेल्सिअस म्हणून मान्य केले. आशिया खंडातील ते सर्वोच्च नोंदलेले तापमान. शहरात समुद्राजवळ पारा थोडा खाली होता, परंतु त्या आकड्यांतील फरक शरीराला कळण्याच्या पलीकडे गेलेला असतो. मी दुपारी दोन वाजता कचरा टाकण्यासाठी जिन्याच्या बाहेरच्या दारापर्यंत गेले. दाराच्या कडीला हात लावता येईना, पदर गुंडाळून ती ओढली. बाहेर पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा डोळे कोरडे पडले. चष्म्याची धातूची काडी कानाला भाजली. एक मांजर उभ्या मोटारीखाली आडवे पडून होते. माझ्याकडे पाहण्याइतकेही त्राण त्याच्यात नव्हते. वर येऊन मी बेळगावला फोन लावला, तर हे म्हणाले, चार दिवस सूर्यदर्शन नाही, कपडे वाळत नाहीत, घरभर दमट वास सुटलाय. मी त्यांना म्हटले, तो वास जरा फोनमधून पाठवता आला असता तर बरे झाले असते. आणि मला रडू आले. बाळंतिणीसमोर रडू नये म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

दोन दिवसांनी एसी बंद पडला. सकाळी दहाला घरघर थांबली आणि त्या शांततेची मला भीती वाटली. अर्ध्या तासात भिंती आतून कोमट झाल्या. शेजारच्या बाईंनी आम्हाला तिघांनाही आपल्या घरी नेले, आपली निजायची खोली रिकामी करून दिली. तेथे 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी असते आणि एसीचे बाहेरचे यंत्र गच्चीवर होते, म्हणून दुरुस्ती करणारा माणूस चारनंतर आला. त्याने गच्चीवर तासभर काम केले. खाली आला तेव्हा त्याच्या तळहातावर पान्ह्याच्या आकाराचा लाल वळ होता. हातमोज्यातूनही पान्हा पोळला होता. मी जिरे-मीठ घातलेले ताक दिले. फडताळावर कुंद्याचा रिकामा डबा होता, त्यावर कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरांत दुकानाचे नाव. ते वाचून तो थबकला आणि त्याने विचारले, "नीव बेळगावदवरेन्री?" म्हणजे, तुम्ही बेळगावच्या का? रायबाग तालुक्यातला निघाला. मग आमचे बोलणे अर्धे कन्नड, अर्धे मराठी, जसे आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारात चालते तसे झाले. उन्हाळ्यात गावाकडे कृष्णेचे पात्र कोरडे पडते, तेव्हा महाराष्ट्राने कोयनेतून पाणी सोडावे म्हणून वाट पाहत बसावे लागते, हे त्याच्या घरच्यांचे रडगाणे त्याने सांगितले. त्याचे तीन प्याले ताक पिऊन झाले. चौथा मी न विचारता भरला. त्याच्या खोलीत किती जण राहतात, असे मी विचारले. त्याने नुसतेच हसून मान खाली घातली, आणि मी तो प्रश्न विचारायला नको होता.

खिडकीच्या काचेतून मी जे रोज पाहत असे, त्याबद्दल मला सांगितलेच पाहिजे. समोर एका इमारतीचे काम चालले होते. अकरा वाजले की कामगार उतरत. जुलैत तेथे मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतीलगत सावलीची जेमतेम हातभर पट्टी उरते. ती पट्टी धरून दहा-बारा माणसे एका ओळीत, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन पडत. सूर्य कलला की पट्टी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाई आणि सगळी ओळ उठून तिच्यामागे जाई. कंपाऊंडच्या कोपऱ्यावर एका घरमालकाने रस्त्याच्या बाजूला तोंड करून पाण्याचे स्टीलचे शीतयंत्र बसवले होते. त्याला तेथे 'सबील' म्हणतात; मृत आईवडिलांच्या नावे, पुण्य म्हणून, अशी यंत्रे मशिदींच्या आणि घरांच्या भिंतींना बसवलेली असतात. रमजान संपल्यावर ती माणसे तेथे जात, पाणी पीत, डोक्याचे फडके भिजवून पुन्हा गुंडाळीत आणि सावलीच्या पट्टीत परत येत. फडके पाच मिनिटांत वाळे. त्या घराचे दार मी कधी उघडे पाहिले नाही, त्यातील माणसे कशी दिसतात हे मला ठाऊक नाही. पण तो नळ एकाही दिवशी कोरडा नव्हता.

त्या देशाला पाण्याचे मोल कळलेले आहे, याला इतिहासही आहे. कुवेतमध्ये एकही बारमाही नदी नाही. तेलाचा काळ येण्यापूर्वी पिण्याचे पाणी होड्यांतून शत्त अल्-अरब नदीमधून आणून शहरात विकले जाई. ज्या होड्या मलबारच्या सागवानाच्या बांधलेल्या असत आणि मुंबईपर्यंत खजूर घेऊन येत, त्यांच्याच भाऊबंद या पाण्याच्या होड्या. आज समुद्राचे पाणी गोडे करून तेच नळाने दिले जाते आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, छत्र्यांसारख्या उंच टाक्या शहरभर उभ्या दिसतात. जुनी घरेही मला पाहायला मिळाली. जाड मातीच्या भिंती, मधोमध अंगण, खारफुटीच्या वाशांवर चटया आणि त्यावर मातीचा थर असे छप्पर, रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीत. मला शहापुरातले आमचे जुने घर आठवले. कौलांखाली माळा, मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, दुपारी अंधारलेले आणि गार असणारे माजघर. उन्हाशी कसे राहावे हे दोन्हीकडच्या घर बांधणाऱ्यांना ठाऊक होते. दोन्हीकडे ती घरे पाडून सिमेंटचे स्लॅब घातले गेले. तिकडे निदान त्याची किंमत मोजण्याइतकी वीज होती.

आणि तीही कायम पुरतेच असे नाही. 2024 च्या जूनमध्ये मागणी इतकी वाढली की कुवेतमध्ये काही भागांची वीज ठरावीक वेळी बंद ठेवावी लागली. मुलीचा घाबऱ्या आवाजात फोन आला. आमच्याकडे वीज गेली की माणसे कट्ट्यावर येतात, दारे उघडी टाकतात, कोणीतरी कलिंगड कापते. तिच्याकडे वीज गेली तर दार उघडणे म्हणजे भट्टीचे तोंड उघडणे. आठ वर्षांचा होत आलेला नातू बाथरूममध्ये ओला पंचा गुंडाळून बसला होता.

म्हणूनच हल्ली आमच्या गल्लीत जे घडते आहे, त्याची मला काळजी वाटते. माझ्या लहानपणी गुढीपाडवा झाला की चौकाचौकांत पाणपोया लागत. गवताचा मांडव, वाळूवर ठेवलेले रांजण, भोवती ओले तांबडे फडके, पाण्यात वाळ्याची जुडी, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत पाणी ओतणारा एखादा म्हातारा. बाजाराला आलेला खेड्यातला माणूस, हमाल, भाजीवाली, शाळेतून परतणारी मुले, सगळी तेथे वाकून पाणी पीत. खानापूर रस्त्यालगतची मोठमोठी झाडेही रस्ता रुंद करताना गेली. त्यांच्या सावलीत थांबणाऱ्या बैलगाड्या त्याआधीच गेल्या होत्या. आता आमच्या गल्लीत एसीची बाहेरची यंत्रे मी मोजली, ती अकरा भरली. प्रत्येक यंत्र आतली उष्णता उचलून गल्लीत टाकते, आणि गल्लीत असतो तो भाजीच्या हातगाडीवाला, सिलिंडर आणणारा, झाडणारी बाई. दारे बंद असल्यामुळे ती माणसे आतून दिसत नाहीत. आमच्या आकड्याची कुवेतच्या आकड्याशी तुलना होऊ शकत नाही, हे मी वर म्हटलेच आहे. पण घरातले आणि रस्त्यावरचे असे दोन वेगळे उन्हाळे तेथे मी पाहिले, आणि तसेच दोन आमच्याकडे होऊ लागले आहेत. मी शेजारणीला विचारले, आपण दोघींनी मिळून फाटकाबाहेर एक माठ ठेवूया का. ती म्हणाली, "ठेवूया की बाई, पण रोज भरणार कोण?" आता सकाळी मी भरते, दुपारी ती. तोटीचा माठ खानापूरहून आणला. प्याला दोनदा चोरीला गेला, तिसरा साखळीने बांधला.

ऑगस्टच्या अखेरीस मी परतण्यापूर्वी त्या इजिप्शियन बाईंनी मुलीकरवी सांगितले होते की आता सुहैल दिसेल आणि रात्री निवतील. चोवीस ऑगस्टच्या सुमारास आखाताचे लोक या ताऱ्याची वाट पाहतात. मी नकाशा पाहिला तर सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. आमच्याकडे अगस्त्याचा उदय झाला की पावसाचे गढूळ पाणी निवळते, असे जुने लोक मानत. समुद्र प्यायलेल्या ऋषीचा तारा समुद्र पिऊन जगणाऱ्या शहराला दिलासा द्यायला येतो, याचे मला फार नवल वाटले, आणि तो पाहायचा असे मी ठरवले. परंतु तेथे क्षितिजाजवळ धूळ होती आणि बेळगावात आल्यावर ढग होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे आभाळ उघडले. साडेपाचला मी गच्चीवर गेले, तेव्हा दक्षिणेला येळ्ळूरच्या बाजूला तो ठळकपणे उभा होता. कुवेतमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजले असणार, म्हणून मी सात वाजेपर्यंत थांबले आणि मग फोन केला. बाळाला पाजण्यासाठी मुलगी जागीच होती. ती बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत फिरत होती. दक्षिणेला समोरची इमारत आड येते, तारा काही दिसत नाही, असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यामागे मला दुरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज आला, मग कोणीतरी कोणाला तरी हाक मारल्याचा. मी विचारले, हा आवाज कुठला? ती म्हणाली, "खिडकी उघडलीय, आई."